पाटाबाहेरची रापी

तात्यांनी माझी रापी दोन बोटांत धरली, मेलेली पाल उचलावी तशी, आणि पाटावरून काढून खिडकीत ठेवली.

"बाईच्या हातातलं हत्यार पाटावर बसत नसतंय," ते म्हणाले. "आज हे ठेवलंस, पुढल्या वर्साला विळी ठेवशील, मग लाटणं."

खंडेनवमीची सकाळ होती. आमच्या गल्लीत सगळी चामड्याचं काम करणारी घरं, आणि घरोघरी त्या वेळी एकच गडबड. हत्यारं धुवायची, पुसायची, पाटावर मांडायची, हळदकुंकू वाहायचं, झेंडू घालायचा, नारळ फोडायचा. एकदा का हत्यार पाटावर बसलं की दसऱ्याच्या संध्याकाळी सोनं लुटून घरी येईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. वर्षभर राबतं बिचारं, तेवढाच त्याला विसावा. आमच्या पाटावर आप्पांची रापी मधोमध होती, भोवती त्यांच्या आऱ्या, नक्षीचे ठसे, ठोकायची हस्ती आणि धार लावायचा कुरुंदाचा दगड. रापी म्हणजे कातडं कापायचं रुंद पात्याचं हत्यार. ती ज्याच्या हातात, तो घराचा कारागीर. बाकीचे सगळे मदतनीस.

मी खिडकीतनं माझी रापी उचलली, पदराला पुसली आणि कमरेला खोचली. "तात्या, हे हत्यारच नव्हं म्हणा की मग," मी म्हणाले.

"नव्हंच," तात्या म्हणाले आणि त्यांनी उदबत्ती ओवाळायला घेतली.

हे वाक्य तुम्ही ध्यानात ठेवा. मी तर ठेवलंच होतं.

तात्या म्हणजे माझ्या वडलांचे धाकटे भाऊ. एकाच घराचे दोन भाग, मध्ये एक सोपा, तिथं सगळ्यांचं काम चालायचं. आप्पा चैत्रात गेले. त्यांच्या मागं घरात आई आणि मी. मी सासरी दोन वर्षं काढून परत आलेली. नवरा दारू प्यायचा आणि प्यायला की हात उचलायचा; एकदा मीही उचलला आणि त्याच पावली माहेरी आले. गल्ली बोलली काय बोलायचं ते. आप्पा एवढंच म्हणाले, "आलीस ते बरं केलंस. पण रिकामी बसू नगंस." तिकडं तात्यांचा एकुलता एक मुलगा, रंगराव. सगळे रंगा म्हणायचे. पोरगा वाईट नव्हता, पण आप्पांचं तेरावं झालं आणि तात्यांनी आप्पांची बैठक, आप्पांची रापी उचलून त्याच्या हातात दिली. आयत्या बिळावर नागोबा. बायकांनी वेण्या वळायच्या, शिवण घालायची, गोंडे करायचे, कापायचं पुरुषांनी. आमच्याकडं हे कुणी लिहून ठेवलेलं नाही, पण मोडायची कुणाची छाती नव्हती.

आणि ते साल साधं नव्हतं. गावच्या सिद्धोबाच्या वहाणांचा मान आमच्या घराकडं आहे. दरवर्षी दसऱ्याला नव्या वहाणांचा जोड द्यायचा. देव रात्रीचा त्या घालून शिवेवरनं हिंडतो आणि गाव राखतो अशी समजूत. पुढच्या दसऱ्याला जुना जोड उतरवतात तेव्हा लोक तळ बघतात, झिजला असला की हात जोडतात. साधा जोड नसतो तो. म्हशीच्या पाठीचं कातडं, बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं, वरचं पान एकसंध, कुठं जोड नाही की ठिगळ नाही, आणि त्यावर सूर्य, चंद्र आणि नाग कोरलेला. आप्पांच्या माघारी तो जोड पहिल्यांदाच व्हायचा होता. ज्याच्या हातून होईल, घर त्याचं, हे न सांगता सगळ्यांना कळत होतं. मला तर फारच कळत होतं.

कारण आप्पांच्या शेवटच्या काही वर्षांत तो जोड मीच कापलेला होता.

आप्पांच्या हाताला कंप सुटला होता. चहाची बशी धरवायची नाही त्यांना. पहिल्या साली नवरात्राच्या आधी त्यांनी मला मधल्या खोलीत बोलावलं, दार लावून घेतलं आणि कातडं पुढ्यात टाकलं. "हात तुझा, नाव माझं," म्हणाले. मला त्याचं काही वाटलं नाही. रापी धरायला मिळतेय म्हटल्यावर मी एका काय, दहा दारांच्या आड बसले असते. आई, आप्पा आणि मी, या तिघांपलीकडं कुणाला पत्ता नाही असं आम्ही धरून चाललो होतो.

त्यांची रापी मात्र मला जमेना. वर्षानुवर्षं त्यांच्या एकट्याच्या हातात झिजलेलं पातं, त्यांच्या मनगटाच्या कलानं घासलेलं. माझ्या हातात ते बाहेर ओढायचं. तेव्हा आप्पा मला कोल्हापूरला घेऊन गेले, भंगारच्या बाजारात. नवीन सुरी घेऊ म्हटलं तर हसले. "दुकानातली सुरी भाजीला," म्हणाले. कारखान्यात लोखंड कापणाऱ्या मोठ्या करवतीचं मोडकं पातं हवं होतं त्यांना. ढिगातून एकेक पातं काढायचे, दगडावर वाजवायचे, कानाशी न्यायचे. बद वाजलं की टाकून द्यायचे. मग खिशातली कानस काढून कडेवर फिरवायचे. कानस चावली की ते पातं मऊ, कानस घसरली की कडक. भंगारवाला वैतागला होता पार. शेवटी एक हाताला लागलं, आखूड, गंजलेलं, कुणी उचलणार नाही असलं. आप्पांनी ते वाजवलं आणि माझ्या कानाशी धरलं. किती तरी वेळ गुणगुणत होतं.

त्याची रापी करायला आम्हाला बरेच दिवस लागले. आप्पांनी मशीनला लावू दिलं नाही. "पातं तापलं की त्याचं पाणी उतरतं. मग ते कितीबी चमकू दे, धार धरत न्हाई," हे त्यांनी मला इतक्यांदा सांगितलं की शेवटी मीच त्यांच्या आधी म्हणायला लागले. दगडावर पाणी ओतायचं, घासायचं, परत पाणी. तळ कापायला धार जाड हवी, नाहीतर मोडते. नक्षीला पातळ हवी, नाहीतर कातडं फाटतं. आमच्या पात्याला एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला पातळ धार काढली. मुठीला चामड्याची पट्टी गुंडाळली, ती माझ्या चार बोटांच्या मापानं. रोज काम संपलं की दगडावर दोन हात फिरवायचे, कमरपट्ट्याच्या गुळगुळीत बाजूवर ओढायची, खोबरेल तेलाचं बोट लावायचं आणि फडक्यात गुंडाळून ठेवायची. धार बघायची ती केस कापून नाही, कातड्याच्या तुकड्यावर. करकर आवाज आला की समजायचं, उतरली. चांगली धार गप्प असते, असं आप्पा म्हणायचे आणि माझ्याकडं बघून हसायचे, कारण मी कधीच गप्प नसायचे.

आप्पांची रापी रंगाच्या हातात गेली आणि आठवडाभरात त्याला ती बोथट वाटायला लागली. वाटणारच. मनगट दुसऱ्याचं. मी सांगायला गेले की दगडावर तुझ्या हाताच्या वळणानं हळूहळू घास, महिना लागेल. तर हा बहाद्दर ती घेऊन एसटी स्टँडजवळच्या वेल्डिंगच्या दुकानात गेला आणि मशीनवर धरून आणली. आरशासारखी चकाकत होती. धारेच्या लगत मला निळसर पट्टा दिसला. पाणी उतरलं होतं. आप्पांचं आख्खं आयुष्य त्या पात्यात होतं, ते याने चहा पिता पिता जाळून आणलं. मी रडले त्या दिवशी, रागानं रडले. तात्या म्हणाले, तुझ्या डोळ्यांत खुपतंय, दुसरं काय.

तर खंडेनवमीची पूजा झाली, नारळ फुटला, प्रसाद वाटला. मी परसात भांडी घासत होते तेव्हा रंगा आला. तोंड उतरलेलं. गोणपाटाखाली काहीतरी घेऊन आला होता.

"आक्का, तुला एक दाखवायचंय. आबास्नी सांगू नगंस," म्हणाला. तात्यांना तो आबा म्हणायचा.

गोणपाट बाजूला केलं. देवाच्या वहाणांचं पान होतं. तात्यांनी तळ केव्हाच तयार करून ठेवला होता. वरचं पान कोरायचं काम रंगाकडं. अष्टमीला दिवसभर बसला होता. चंद्र बरा होता, नागही ओढूनताणून जमला होता. सूर्याच्या गोलाला मात्र मऊ धार दुमडली, याने जोर लावला, आणि रापी सुटून पार कानापर्यंत चीर गेली होती. कान म्हणजे वहाणेच्या कडेचा भाग, त्याच्यावरच तर सगळी ओढ येते. वर हे कातडं इतकं भिजवलेलं की ते चिंधीसारखं झालं होतं.

मी काही बोलायच्या आत मागून तात्या आले. सांगायचं नाही ते सांगायची वेळच आली नाही.

ते मारतील त्याला असं वाटलं होतं. पण ते मटकन दगडावर बसले. जोड द्यायचा दुसऱ्या दिवशी दुपारी, पालखी निघायच्या आत. कातड्याचा अर्धा भाग शिल्लक होता, एका जोडापुरता, तोही काटकसरीनं. पण कापायचं कशानं? हत्यारं पाटावर बसलेली. तात्या गल्लीत फिरून आले. सगळ्यांनी हात जोडले, आमचीबी बसलीत म्हणाले. परत येऊन ते पाटासमोर उभे राहिले, आप्पांच्या रापीकडं बघत. हात पुढं गेलासा वाटला. आई तोवर कधी दिरासमोर उंबऱ्याच्या पुढं आली नव्हती. ती येऊन पाटाला पाठ लावून बसली आणि म्हणाली, त्यांची हत्यारं आज उठायची न्हाईत. तात्यांनी हात मागं घेतला.

दुपारी ते आमच्या भागात आले. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या उंबऱ्यावर टेकले. आईनं पाणी दिलं, ते त्यांनी नुसतं हातात धरलं.

"हौसा," ते म्हणाले, "दादाचा हात हालायला लागल्यापासनं ते जोड कोण कापत हुतं, मला ठावं हाय."

"तुम्हाला कसं ठावं?" मी विचारलं.

"चाळीस वर्सं चामड्यात काढल्यात मी. कुणाची धार कशी फिरती कळत न्हाई व्हय मला? पण झाकली मूठ सव्वा लाखाची. मी कुठं बोललो न्हाई. आताबी तसंच करू. दार लावून घे, आत बस, उद्या सकाळपातूर पान काढून दे. रंगा घेऊन जाईल. दादाच्या वक्ताला चालत हुतं तसंच."

मला वाटत होतं या माणसाला माहीत नाही म्हणून तो असं वागतो. सकाळी माझी रापी दोन बोटांत धरून खिडकीत ठेवणाऱ्याला सगळं ठाऊक होतं. देवाच्या पायात गेली तेव्हा माझी धार चालली, पाटावर बसायची तर नाही. माझं डोकं असं भणाणलं की काय सांगू. आणि एक गोष्ट तेव्हाच मला लख्ख कळली: आप्पांनीही दारच लावलं होतं. प्रेमानं लावलं होतं, पण लावलंच होतं.

"मी बसतो," मी म्हणाले. आता 'बसतो' म्हणाले म्हणून दचकू नका, आमच्या भागात बायका असंच बोलतात. "बसतो तात्या. पण आत न्हाई. सोप्यात, आप्पांच्या जाग्यावर. दार सताड उघडं."

"येडी का खुळी तू? आज खंडेनवमी. गल्ली बघंल. आज हत्यार चालवलं म्हणून वाळीत टाकतील."

"हत्यार कुठाय? सकाळी तुम्हीच सांगितलासा की, हे हत्यार नव्हं. पाटावर बसलं न्हाई, कुकू लागलं न्हाई, मग त्येला विसावा कसला?"

तात्या उंबऱ्यावर जरा सरकून बसले. मग म्हणाले, "बरं बाई. आण हिकडं. मी माझ्या हातानं पाटावर ठेवतो, कुकू लावतो. मग तर झालं?"

"लावा की. आणि उद्या संध्याकाळपातूर कापायचं कशानं?"

आई फस्सकन हसली. आप्पा गेल्यापासून पहिल्यांदा हसली ती. तात्यांनी हातातलं पाणी तसंच उंबऱ्यावर ठेवलं आणि उठून गेले. पण जाताना सोप्याचं दार त्यांनी लावलं नाही.

मी बसले. कुरुंदाचा दगड पाटावर, म्हणून आईनं स्वयंपाकघरातला चटणी वाटायचा पाटा आणून दिला. त्याची मागची बाजू गुळगुळीत असते. तो धुऊन घेतला, पाणी टाकलं आणि धार लावली; खोबऱ्याचा नि मिरचीचा वास येत होता त्याला. हस्ती पाटावर, तर ठोकायला खलातला बत्ता. आऱ्या पाटावर, तर आईची वेणी घालायची आरी. बायकांच्या आरीला कधी कुणी पाटावर बसवलं होतं? सगळा संसार कामाला लागला तो असा बिनपूजेचा.

कातडं ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलं, नखाचा व्रण उठेल इतपतच ओल. पाठीचा भाग कुठला, पोटाकडचा कुठला, हात फिरवून बघितलं. पोटाचं ताणतं, तिकडं नक्षी न्यायची नाही. आधी पानाचा आकार काढला. अर्ध्या कातड्यात दोन पानं बसवताना मध्ये बोटभरही जागा उरत नव्हती. चुकलं तर चुकलं, परत नाही.

गल्ली जमायला वेळ लागला नाही. आधी पोरं, मग बायका. बायका दाराच्या चौकटीला टेकून बघत होत्या. पलीकडचे दगडूमामा काठी टेकत आले आणि आज हत्यार चालवणं पाप हाय म्हणून सांगायला लागले. मी वर न बघता म्हटलं, मामा, हत्यार नव्हं हे, तात्यांना विचारा. ते विचारायला आत गेले. आत काय झालं माहीत नाही, पण मामा बाहेर आले ते थेट घरी गेले.

चंद्र कोरला, नाग कोरला. मग सूर्य आला.

खरं सांगते, तिथं मला भीती वाटली. आदल्या दिवशी त्याच गोलाला पोराची रापी सुटलेली. सगळी गल्ली दारात. मी रापी उचलली आणि थांबले. कुणीतरी बाई म्हणाली, अडलं वाटतं. रंगा कोपऱ्यात बसला होता, तो उठला, फडकं भिजवून आणलं आणि न सांगता माझ्या शेजारी बसून कातड्याचं टोक धरलं. आप्पा म्हणायचे, गोलाला हत्यार वळवायचं नाही, कातडं वळवायचं. हात जागच्या जागी ठेवायचा. मी पाट्यावर पुन्हा धार लावली, कमरपट्ट्यावर ओढली, तुकड्यावर बघितली. गप्प होती. मग रंगाला म्हटलं, मी सांगीन तसं फिरव. त्याने कातडं फिरवलं आणि मी नुसती धरून राहिले. सूर्य पुरा झाला. अडलं म्हणणारी बाई तेवढी "हां" म्हणाली.

अंधार पडेपर्यंत दुसरंही पान कोरून झालं. सकाळी आईनं आणि मी वेण्या वळल्या, शिवण घातली, गोंडे लावले. तात्यांनी केलेला तळ त्याला बसला. तळ त्यांचा उत्तम असायचा, ते कबूल करायला मला काही अडचण नाही. तात्या येऊन जोडाकडं बघून गेले. अंगठ्यानं सूर्याची कड चाचपून बघितली.

वहाणा डोक्यावर घेऊन करणाऱ्यानं देवळाच्या पायरीपर्यंत जायचं, असा रिवाज. वहाणा आत जातात, करणारा पायरीवर राहतो. आमच्या जातीला त्या काळी तेवढंच होतं, तो वेगळा राग आहे आणि तो माझा अजून गेलेला नाही. घरातून निघताना तात्यांनी रंगाला टोपी घातली, उपरणं दिलं आणि जोड उचलायला सांगितलं. मी त्याच्या आधी उचलला. रस्त्यात ओढाओढ करायला तात्या धजले नाहीत, मागनं चालत आले.

देवळापुढं पालखी सजली होती. आपट्याच्या पानांचा ढीग, ढोल, सगळं गाव. गुरव पायरीवर आला. तो दरवर्षी मोठ्यानं विचारतो, "वहाणा कुणाच्या हातच्या?" आणि करणाऱ्यानं आपलं आणि बापाचं नाव सांगायचं, मग तो त्या हातात घेतो. आप्पा सांगायचे, रामा बाळा. माझे हात पदराखाली असायचे तेव्हा.

"वहाणा कुणाच्या हातच्या?" गुरवानं विचारलं.

"रंगराव तुकाराम," तात्या मागून म्हणाले. गुरवानं हात पुढं केले.

मी जोड डोक्यावरनं उतरवला नाही.

"दे की पोरी," गुरव म्हणाला.

"नाव चुकलंय," मी म्हणाले. "बरोबर नाव येऊ दे, मग देतो."

ढोल थांबला. पाटील पुढं आले, काय झालं म्हणून विचारायला लागले. कुणी म्हणालं, पोरगी सासरहून आलेली, डोकं फिरलंय. कुणी म्हणालं, काल खंडेनवमीला हत्यार चालवलं हिनं, सगळ्या गल्लीनं बघितलं, देव कोपेल. तात्या माझ्या कानाशी येऊन हळू आवाजात म्हणाले, आपल्या घराचा मान जाईल, गप दे. सूर्य डोक्यावर आला होता, जोड जड होता, मान आखडली होती. पालखीचे भोई खांदा बदलत उभे होते.

"पालखीचा वक्त टळालाय," पाटील म्हणाले.

"मग न्या देवाला अनवाणी," मी म्हणाले.

अनवाणी देव शिवेवर न्यायची कुणाची टाप नव्हती, आणि एका बाईच्या डोक्यावरनं वहाणा ओढून घ्यायचीही. मी मनाशी ठरवलं होतं, संध्याकाळ झाली तरी बेहत्तर, हलायचं नाही.

रंगा पुढं आला. डोक्यावरची टोपी काढली त्याने.

"आक्कानं केल्यात," तो म्हणाला. मग मोठ्यानं म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मी कातडं फाडलं. ह्या वहाणा हौसाक्कानं केल्यात. आणि मोठ्या आबाचा हात हालत हुता तवाच्याबी तिनंच."

तात्यांचं तोंड पांढरं पडलं. गुरव रंगाकडं बघायला लागला, मग पाटलांकडं, मग आत गेला. आतून तो उतरवलेला जुना जोड घेऊन आला, गेल्या सालचा. आमच्या जोडाशेजारी धरला. सूर्याची कड इथं, सूर्याची कड तिथं. डोळे असणाऱ्या कुणालाही दिसलं असतं, एकच हात. मग त्याने जुना जोड उलटा केला. तळ झिजलेला होता. देव कोपला असता तर वर्षभर त्या घालून हिंडला कशाला असता, हे गुरवानं बोलून दाखवलं नाही, पण गर्दीतल्या बायकांनी ते आपसात बोलून टाकलं.

गुरवानं पुन्हा विचारलं. आवाज जरा बसला होता त्याचा.

"वहाणा कुणाच्या हातच्या?"

"हौसा रामा," मी म्हणाले. आणि दिल्या.

त्या गोष्टीला आता कितीतरी वर्षं झाली. आप्पांची रापी आम्ही पुन्हा कामाला घेतली नाही. पाणी उतरलेलं पातं, ते पाटावर मधोमध बसतं, तेवढा मान त्याचा आहेच. रंगा तळ उत्तम करतो, बापापेक्षा चांगला. कापायला मी बसते, रंगाच्या दोन सुना बसतात, गल्लीतल्या आणखी चार जणी शिकून गेल्या. मोडक्या करवतीची पाती आणायला मी त्यांना कोल्हापूरला नेते आणि एकेक पातं वाजवून त्यांच्या कानाशी धरते.

तात्या थकले तेव्हा एका खंडेनवमीला त्यांनी मला हाक मारली. खाटेवरनं उठवत नव्हतं त्यांना. कुंकवाचा करंडा जवळ घेतला होता. म्हणाले, तुझी रापी आण, पाटावर ठेवू दे मला, माझ्या हातानं. डोळ्यांत पाणी होतं म्हाताऱ्याच्या. मला वाईट वाटलं, नाही असं नाही. मी त्यांच्या पाया पडले, दोघी सुनांच्या रापी आणून दिल्या. त्यांनी एकेक मांडली, प्रत्येकीला कुंकू लावलं.

"आणि तुझी?" त्यांनी विचारलं.

"तिला काम हाय तात्या," मी म्हणाले.

आजही खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारं पाटावर असतात, झेंडू घालून. माझी नसते. त्या दिवशी मी सोप्याचं दार उघडते, पाट्यावर पाणी टाकून धार लावते, आणि देवाच्या वहाणांचा सूर्य त्याच दिवशी कोरते.